पहिली दुर्बीण: सहा इंची डॉब्सनियन घ्या, नाहीतर थांबा

ध्रुवमत्स्य

पाऊस संपला की दरवर्षी मला तेच विचारलं जातं. "दिवाळीत पोरांसाठी टेलिस्कोप घ्यायचाय, हा कसा आहे?" सोबत फोटो असतो. 70 मिलीमीटरची लांबट नळी, हडकुळा ट्रायपॉड आणि खोक्यावर ठळक अक्षरात 675 पट. वीस वर्षं मी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत दुर्बिणीशेजारी उभा राहतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. ही घेऊ नका. पहिली दुर्बीण सहा इंची डॉब्सनियन असावी, म्हणजे सहा इंच (150 मिमी) आरशाची, साध्या लाकडी बैठकीवरची दुर्बीण. तेवढे पैसे नसतील तर साठेपर्यंत थांबा.

675 कुठून येतात ते बघा. नळीची फोकल लेंग्थ, म्हणजे भिंगापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर, 900 मिमी. सोबतचा सगळ्यात लहान आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, 4 मिमीचा. 900 भागिले 4 म्हणजे 225. त्यावर तीन पटीचं बार्लो, म्हणजे मोठेपणा वाढवणारं जोडभिंग, लावलं की 675. भागाकार, गुणाकार दोन्ही बरोबर, पण आकाशात त्याचा काही उपयोग नाही. हवा अगदी स्थिर असली तरी भिंगाच्या दर मिलीमीटरमागे साधारण दोन पट, एवढीच मजल असते. म्हणजे 70 मिमीला 140. त्यापुढे गुरू मोठा दिसतो, पण धुरकट डागासारखा.

दुर्बिणीचं मुख्य काम उजेड गोळा करणं आणि तो व्यासाच्या वर्गानुसार वाढतो. 150 मिमीचा आरसा 70 मिमीच्या भिंगापेक्षा साडेचार पट उजेड गोळा करतो. शिवाय डॉब्सनियनला ट्रायपॉडच नसतो. खाली फळ्यांची पेटी आणि फिरती बैठक, नळी हाताने ढकलायची. पैसे आरशात जातात, नटबोल्टांत नाही. ज्यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे बनवले आणि मठ सुटल्यावर फुटपाथवर दुर्बीण उभी करून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवत राहिले. रस्त्यावरच्या माणसासाठी जन्मलेली दुर्बीण आहे ही.

माझी पहिली दुर्बीण पहिल्या पगारातून घेतलेली 70 मिमीचीच होती. फोकसच्या बटणाला हात लावला की शनी थरथरायचा, थांबेपर्यंत नजरेआड झालेला असायचा. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. दोन वर्षं ती माळ्यावर पडून होती आणि त्याबरोबर माझी आवडही. मग मे महिन्यातल्या एका रात्री एकाच्या सहा इंचीतून ओमेगा सेंटॉरी पाहिला, नरतुरंगातला तो प्रचंड तारकागुच्छ. साखर सांडावी तसे तारे. ती दोन वर्षं फुकट गेली याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

डोंबिवलीची गच्ची

दादा, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही.

माझ्याकडे हीच 70 मिमी आहे, नऊ वर्षं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, गच्ची पाचव्यावर. सहा इंची डॉब्सनियन बैठकीसकट पंधरा किलोच्या आसपास जाते. कामावरून साडेआठला आलेला माणूस आठवड्यातून किती वेळा ती वर नेईल? माझी नळी एका खांद्यावर, ट्रायपॉड दुसऱ्या. जेवण झालं की दहा मिनिटांत चंद्रावर असतो.

दुसरं, तुमचा साडेचार पट उजेड अंधाऱ्या आकाशाखाली. आमच्याकडे आकाश नारिंगी-राखाडी. मोठा आरसा त्या चमकेलाही तितक्याच इमानाने गोळा करतो. इथून जे दिसतं, म्हणजे चंद्र, गुरू, शनी, जोडतारे, ते 70 मध्ये छान दिसतं. लग्नात अरुंधती दाखवतात, पण त्यातला वसिष्ठ स्वतःच जोडतारा आहे हे किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय? माझ्या नळीत 36 पटीला दोन ठिपके स्वच्छ वेगळे दिसतात. सोसायटीतल्या एका आजींना दाखवले, त्या दुसऱ्या दिवशी सगळ्या मैत्रिणींना घेऊन आल्या.

थरथरीवर उपाय आहे. ट्रायपॉडचे पाय पूर्ण ताणायचे नाहीत, स्टुलावर बसून बघायचं आणि मधल्या ताटलीखाली पाण्याचा पाच लिटरचा कॅन लटकवायचा. बार्लो आणि 4 मिमीचा आयपीस खोक्यातच राहू द्या. तेवढं तुमचं बरोबर आहे.

ध्रुवमत्स्य

कॅनची युक्ती मीही सांगतो. पण शहरी आकाशाचा मुद्दा तेजोमेघांना, म्हणजे वायू-धुळीच्या फिकट ढगांना लागू, ग्रहांना नाही. ग्रह मुळात तेजस्वी असतात, तिथे व्यासाचा फायदा बारकाव्यांत मिळतो. 70 मध्ये गुरूवर दोन पट्टे दिसतात. 150 मध्ये, हवा स्थिर असेल त्या रात्री, पट्ट्यांच्या कडा खरबरीत आहेत हे कळतं. डोंबिवलीतूनही.

जिन्याचं मात्र मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नाशिकची आई

मला यातलं काही कळत नाही, पण मला खरंच निर्णय घ्यायचाय. मुलगी सहावीत आहे. शाळेत कोणीतरी चंद्र दाखवला, तेव्हापासून मागे लागलीये. बजेट वीस हजारांपर्यंत. आमची गच्ची मोकळी आहे, दक्षिण-पूर्व छान दिसते, उत्तरेला शेजारची उंच इमारत. दुकानदाराने 130 मिमीची, तिरकस दांड्याची आणि वजन लावलेली दाखवली. म्हणाला, "प्रोफेशनल आहे." घेऊ का?

द्विनेत्री

ताई, ती घेऊ नका. ती इक्वेटोरियल बैठक. तिचा मुख्य अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. नाशिकला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 20 अंशांवर असतो, म्हणजे तुमच्या शेजारच्या इमारतीमागे. शिवाय ज्या देशांत ध्रुव 45-50 अंशांवर दिसतो तिथल्यासाठी या बैठका सोयीच्या. आपल्याकडे अक्ष इतका खाली झोपवावा लागतो की वजनाचा दांडा कधी कधी ट्रायपॉडच्या पायाला अडतो. सहावीतली मुलगी पहिल्या रात्रीच कंटाळेल. आरसा वाईट नसेल, पण ही बैठक नको.

आणि माझं या दोघांशीही भांडण आहे. पहिली दुर्बीण ही दुर्बीण नसावीच. 10×50 चा बायनॉक्युलर घ्या, म्हणजे 10 पटीचा, 50 मिमी भिंगांचा. दोन्ही डोळ्यांनी, सरळ, उलटसुलट न होता दिसतं. देवयानीतली आकाशगंगा, 25 लाख प्रकाशवर्षांवरची, तिचा लांबट ढग एकदम नजरेत येतो. शर्मिष्ठा आणि ययातीच्या मधला जोडगुच्छ, पुष्यातला तारकापुंज, उन्हाळ्यात वृश्चिकाच्या नांगीजवळचे दोन गुच्छ. कृत्तिका तर 10 पटीतच सुंदर. 48 पटीच्या दुर्बिणीत तो पुंज मावतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, बायनॉक्युलर वापरताना आकाश पाठ होतं. रोहिणी कुठे, मृगाचा बाण कुठे, हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात सहा इंची दिली तर तो चंद्राखेरीज काय शोधणार?

ध्रुवमत्स्य

आणि शनीची कडी? 10 पटीत शनी फार तर लांबुळका ठिपका. ज्या मुलीच्या डोक्यात कडी आहेत तिला कृत्तिका दाखवून किती दिवस थांबवाल? मी शेकडो मुलांना आयपीसला डोळा लावताना पाहिलंय. कडी दिसतात त्या क्षणी तोंडातून जो आवाज येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. 2025 च्या मार्चमध्ये कडी कडेने आली होती, म्हणून मधे रेघेसारखीच दिसायची. आता वर्षागणिक उघडत जाऊन 2032 च्या सुमारास पूर्ण बहरात असतील. या वयाच्या मुलांना हे सगळं आपल्या डोळ्यांनी बघता येईल, फक्त त्यासाठी दुर्बीण लागते.

पेंचकाठी

नागपूरहून लिहितोय. तुम्ही सगळे आयपीसच्याच काळात अडकलाय.

मी गेल्या वर्षी स्मार्ट टेलिस्कोप घेतला, 50 मिमीचा, अडीच किलोचा. जमिनीवर ठेवायचा, मोबाईलवर वस्तू निवडायची. तो स्वतः शोधतो, दहा-दहा सेकंदांच्या छायाचित्रांची चळत रचतो आणि दहा मिनिटांत मृगातला तेजोमेघ रंगांसकट समोर येतो. भर नागपुरातून. सहा इंची डॉब्सनियनमधून तिथे फिकट राखाडी धूर दिसेल.

द्विनेत्री

तो धूर मी स्वतः पाहिलेला असतो. तुमचं चित्र पाहायला आकाशाखाली उभं राहायचीही गरज नाही, इंटरनेटवर त्याहून सुंदर पडलीयेत. देवयानीचा प्रकाश 25 लाख वर्षं चालून माझ्या डोळ्यात शिरतो. तो मधेच सेन्सरवर अडवून पडद्यावर दुसरा उजेड दाखवला, तर मी काय पाहिलं?

पेंचकाठी

माझे बाबा 78 वर्षांचे आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पण एका डोळ्याने आता नीट दिसत नाही आणि वाकून आयपीसला डोळा लावता येत नाही. गेल्या जानेवारीत गच्चीवर खुर्ची टाकली, शाल पांघरली आणि मृगाचा तेजोमेघ मोबाईलवर एकेका छायाचित्रासरशी उजळत गेला. बाबांनी मान वर करून मृगाकडे पाहिलं, मग खाली चित्राकडे, पुन्हा वर. लहानपणी शेतात त्यांच्या आजोबांनी मृग दाखवला होता, तो सांगत बसले. तुमच्या शुद्ध दर्शनात त्यांना जागा कुठे आहे?

ग्रहांसाठी हे यंत्र कमी पडतं, हे कबूल करतो. शनी बारका दिसतो. आणि नाशिकच्या ताईंच्या बजेटात ते बसणारही नाही. पण "सहा इंची किंवा काहीच नाही" हे वाक्य मला टोचलं, म्हणून लिहिलं. अंधारं आकाश हवं तेव्हा मीही पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला जातो. देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे ते. तिथे मात्र कुठलंच यंत्र काढावंसं वाटत नाही.

द्विनेत्री

बाबांबद्दल वाचून माझा सूर खाली आला. तुमचा हा मुद्दा घेतला.

काचकाम

दोन व्यावहारिक गोष्टी कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी रत्नागिरीकडचा.

पहिली, आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुर्बीण पेटीत असते. त्या चार महिन्यांत भिंगावर बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, दर महिन्याला ते तापवून कोरडं करायचं. बायनॉक्युलरच्या आत बुरशी गेली तर घरी काढता येत नाही. डॉब्सनियनच्या आरशावर खाऱ्या हवेचा परिणाम होतो, काही वर्षांनी ॲल्युमिनियमचा मुलामा पुन्हा द्यावा लागतो. दुकानात हे सांगत नाहीत.

दुसरी, आरसा घरी घासता येतो. मी सहा इंची घासला, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत शिकून. दोन काचा, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी, पुढे मागे, थोडं फिरवत. वरची काच खोलगट होते, खालची फुगीर. भरड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत यायचं, मग डांबरासारख्या पिचवर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. माझे तीन महिने गेले. शेवटची तपासणी फूको चाचणीने, अंधाऱ्या खोलीत, ब्लेडच्या धारेने. त्या खोलगटपणातली चूक मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असावी लागते आणि ती साध्या ब्लेडने दिसते, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि ताई, कुठलीही दुर्बीण घेतलीत तरी सूर्याकडे नाही. स्वस्त खोक्यांत आयपीसला लावायची काळी काच मिळते, तिच्यावर "सन" लिहिलेलं असतं. ती फेकून द्या. उष्णतेने ती तडकते आणि डोळा जातो.

डोंबिवलीची गच्ची

सूर्याच्या सूचनेला दोन्ही हातांनी अनुमोदन.

ताई, खरेदीआधी एक करा. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे मुंबईजवळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम होतात, पुण्यात तशीच ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. अशा एका रात्री मुलीला घेऊन जा. चार वेगवेगळ्या दुर्बिणींतून तिला बघू दे. आणि कोजागिरीला दुर्बीण काढू नका. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो, सावल्या नसतात. अष्टमीच्या आसपास विवरं खणल्यासारखी दिसतात.

नाशिकची आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. 130 मिमीवाल्याला नाही म्हटलं. दिरांकडे जुना 10×50 होता, तो मागून आणला. सिलिका जेल घालून स्टीलच्या डब्यात ठेवलाय.

काल तिने गच्चीवर सतरंजी घातली आणि आडवी पडून कृत्तिका मोजल्या. नुसत्या डोळ्यांनी सहा, बायनॉक्युलरमधून मोजता मोजता पस्तीसला थांबली. देवयानी शोधायला तासभर लागला, मला आधी सापडली याचा तिला राग आला. मग तिने बायनॉक्युलर शनीकडे वळवला. बराच वेळ धरून ठेवला, कठड्यावर कोपरं टेकवून. खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, लांबट आहे. मधे काहीतरी आहे, पण दिसत नाही."

ध्रुवमत्स्य दादा, वांगणीला जायचं ठरलंय, पुढच्या अमावस्येच्या शनिवारी. तिथे सहा इंची असेल ना? आणि शनी किती वाजेपर्यंत वर असतो?

ध्रुवमत्स्य

असेल. संध्याकाळी लवकर पोचा, रांग लागायच्या आत. शनी आधी दाखवायला सांगा, तो मध्यरात्रीनंतर पश्चिमेला कलतो. बायनॉक्युलर सोबत आणा. रांगेत उभं असताना तिला बाकीचं आकाश बघता येईल. द्विनेत्री, एवढं तुमचं.