पावसाळ्यात हिरवे पडणारे पितळी देव : ओळख आणि निगा याबाबत सल्ला हवा

विचारणा

नमस्कार. शिरोड्याच्या जुन्या घरातील देवघरातल्या पाच पितळी मूर्ती आम्ही यंदा पणजीत समुद्रकाठी असलेल्या मिरामारच्या फ्लॅटमध्ये आणल्या. तिकडे आजी एकादशीच्या आदल्या दिवशी बिंबलांनी (आंबट हिरव्या फळांनी) देव उजळत असे. इथे मात्र मिरग (मृग नक्षत्र) लागल्यापासून आठवड्याभरात मूर्ती काळवंडतात आणि बाळकृष्णाच्या गुडघ्याखाली व देवीच्या कानांमागे हिरवट पूड धरते. लिंबू-मीठ लावून गणपती रात्रभर ठेवला, तर त्याच्या पोटावर तांबूस डाग उठला आणि तो काही केल्या जात नाही. शिवाय एका देवीच्या हातांतले इतके झिजले आहे की घरात कोणी तिला लक्ष्मी म्हणते, तर कोणी शांतादुर्गा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अंत्रुजकर

ताई, तो डाग वरून बसलेला नाही, त्यामुळे कृपया तो घासू नका. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थ त्यावर फार वेळ राहिला की आधी जस्त विरघळते आणि मागे उरलेले तांबे तांबूस दिसू लागते. बिंबलेही आंबटच, पण आमच्या घरी ते चोळून लगेच भरपूर पाण्याने धुण्याची शिस्त होती आणि आपल्या आजींचीही ती असणार.

हिरवी पूड म्हणजे तांब्याचे क्षार. पंचामृताचा अंश सांदीत राहिला आणि त्यावर मिरामारचा खारा, दमट वारा लागला की ती हमखास धरते. म्हणून मीठ पूर्ण वर्ज्य करावे. अभिषेकानंतर मूर्ती कोमट पाण्याने धुवावी, सांदींतून मऊ ब्रश फिरवावा, जुन्या सुती धोतराच्या फडक्याने कानामागून आणि बोटांमधून टिपून घ्यावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच गंध लावावे. चमकेपेक्षा हा कोरडेपणा मला कितीतरी महत्त्वाचा वाटतो. उजळायचेच असेल, तर चतुर्थीपूर्वी आणि दिवाळीपूर्वी चिंचेच्या पातळ कोळाने दोन-तीन मिनिटांत आटोपावे आणि शेवटचे पाणी खाण्याचा सोडा घातलेले असावे, म्हणजे आंबटपणा उरत नाही. खोबरेल तेलाचा हात मात्र फिरवू नये. त्यावर धूळ चिकटते आणि तेलातली आम्ले तांब्याशी मिळून पुन्हा हिरवाच थर धरतात.

आता देवीविषयी. मूर्तीच्या हातांत जे असते, त्यावरूनच तिची ओळख पटते. आडवी धरलेली पळी असेल तर ती अन्नपूर्णा. लक्ष्मीच्या वरच्या दोन हातांत कमळे असतात आणि त्यांचे देठ खांद्यापर्यंत चढून तिथे फुलतात. शांतादुर्गेच्या दोन्ही हातांत सर्प असतात : शिव आणि विष्णू यांच्या युद्धात देवी मध्ये उभी राहिली आणि तिने दोघांना शांत केले, त्या कथेतले हे दोघे देव सर्परूपाने तिच्या मुठीत आहेत. गोव्यातल्या केळशीहून कवळ्याला आलेल्या या देवीच्या कुळाव्यांना (तिला कुलदेवता मानणाऱ्यांना) ती खूण पाहताक्षणी कळते. पण उजळायच्या पुडीने घासघासून फणा सपाट झाला की ती कोणाला कळावी? घासणारा हात पुढून फिरतो, मागे फारसा पोहोचत नाही. त्यामुळे मूर्ती पाठमोरी धरून, बॅटरीचा उजेड तिरपा पाडून मुठींच्या मागची बाजू पाहावी.

एक वाचक

वरील सल्ल्याशी सहमत आहे. घरच्या मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभर उंचीपर्यंतच असाव्यात, असे मत्स्यपुराणात सांगितले आहे. एवढ्या लहान मूर्तीचे नाक-डोळे एकाच यांत्रिक पॉलिशने पुसट होतात. आमच्या बाळकृष्णाच्या तळहातावरचा लोण्याचा गोळा असाच गेला. दुकानदाराने चकाकीची हमी दिली, तरी मूर्ती यंत्रावर देऊ नये. मूर्ती पोकळ असेल तर ती उपडी ठेवून आतले पाणीही निथळू द्यावे.

विचारणा करणारी

मनःपूर्वक आभार. काल रात्री बॅटरी तिरपी धरून पाहिले. उजव्या हातातले पार गेले आहे. पण डाव्या मुठीच्या मागे, जिथे हिरवी पूड सर्वांत दाट होती, तिथे ब्रशने ती झाडल्यावर फण्याची कड आणि त्याखाली खवल्यांच्या तीन बारीक रेघा स्पष्ट दिसल्या. आईला बोलावून दाखवले. तिने लगेच हात जोडले.