मदत हवी आहे: क्रॉनिक फटीग सिंड्रोम असलेल्या निवृत्त हवालदाराची डिसेबिलिटी पेन्शन, दुसरे अपील कसे मांडावे?

नमस्कार. माझे वडील पायदळातून २०२१ साली हवालदार म्हणून सेवा पूर्ण करून निवृत्त झाले. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या लष्करी वैद्यकीय मंडळाने, म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाने, त्यांचे अपंगत्व २० टक्के धरले, मात्र ‘आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही’ असा शेरा लिहिल्यामुळे डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वापोटी पेन्शनवर मिळणारी जादा रक्कम, नाकारला गेला. पहिले अपील फेटाळल्याचे पत्र नुकतेच आले आहे. नेहमीची पेन्शन सुरळीत मिळते, त्याबद्दल काही तक्रार नाही.

आजाराची हकीकत अशी आहे. २०१६ मध्ये मैदानी भागातील छावणीत असताना त्यांना डेंग्यू झाला आणि लष्करी रुग्णालयात उपचार झाले. ताप उतरला, पण अंगातले त्राण परत आले नाही. त्या अवस्थेतच त्यांची तुकडी उंच डोंगराळ भागात गेली आणि तिथे गस्त, ओझे वाहणे, रात्रीचा पहारा हे सर्व त्यांनी नेहमीसारखे केले. त्या काळातल्या एमआय रूमच्या (तुकडीच्या दवाखान्याच्या) नोंदींत ‘अशक्तपणा’ एवढाच शब्द आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत. खाली आल्यावर तज्ज्ञ डॉक्टरांनी प्रथम ‘पोस्ट व्हायरल फटीग’ आणि पुढे ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ (दीर्घकाळ टिकणारा तीव्र थकव्याचा आजार) असे निदान लिहून त्यांना लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नसलेल्यांच्या श्रेणीत, ठेवले. शेप या लष्करी तंदुरुस्तीच्या वर्गीकरणातील पी, म्हणजे शारीरिक क्षमतेच्या घटकाखाली ही कॅटेगरी निवृत्तीपर्यंत चालली.

रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदावर मात्र निदानापुढे ‘न्यूरस्थेनिया, एफ ४८.०’ (मानसिक विकारात मोडणारा थकवा) असे लिहिले आहे आणि आजार एस, म्हणजे मानसिक घटकाखाली गेला आहे. निदान का बदलले, याचे कारण कुठेही दिलेले नाही. अपील फेटाळणाऱ्या पत्रात ‘आजार मूळ प्रकृतीशी संबंधित’ एवढे एकच वाक्य आहे.

सर्वांत अवघड गोष्ट अशी की हा आजार पाहणाऱ्याला दिसत नाही. आंब्याच्या हंगामात एखाद्या दिवशी वडील कलमांखाली उभे राहून पेट्या भरताना दिसतात आणि वाडीतले लोक म्हणतात, फौजी माणूस, याला काय झाले आहे? त्यानंतरचे दोन-तीन दिवस ते अंथरुणावरून उठत नाहीत, उजेड आणि बोलणे सहन होत नाही, बागेच्या हिशेबातली साधी बेरीज चुकते, हे फक्त घरातल्यांना ठाऊक असते. बोर्डासमोरही ते इस्त्रीचे कपडे घालून ताठ बसले असणार, कारण अधिकाऱ्यासमोर वाकून बसणे त्यांच्या रक्तात नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. दुसऱ्या अपिलात आजार सेवेमुळे झाला यावर भर द्यावा, की सेवेमुळे बळावला यावर? आणि ज्या आजारासाठी रक्ताची एकही निर्णायक चाचणी नाही, तो कागदावर सिद्ध कसा करावा? अमेरिकेतील एका नातेवाइकांनी तिथल्या माजी सैनिकांसाठीचा नियम पाठवला आहे. त्यात या आजारासाठी १० ते १०० टक्क्यांपर्यंतचे स्वतंत्र कोष्टक आहे. त्याचा येथे काही उपयोग होईल का?

पहिले उत्तर (निवृत्त सुभेदार, आर्मी मेडिकल कोर, सध्या चिपळूण)

ताई, तुमचे प्रकरण वाटते तितके दुबळे नाही. मात्र लढा ज्या जागी द्यायला हवा, ती जागा वेगळी आहे असे मला वाटते. २० टक्के अपंगत्व बोर्डानेच मान्य केले आहे, म्हणून वडील आजारी आहेत हे पटवण्यात अपिलाची पाने खर्च करू नका. वाद सेवेशी असलेल्या संबंधाचा आहे, आणि तो निदानाच्या संकेतांकात अडकला आहे.

आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एफ ४८.० हा मानसिक विकारांच्या प्रकरणातील संकेतांक आहे. विषाणूजन्य आजारानंतरच्या थकव्याला जी ९३.३ हा मज्जासंस्थेच्या प्रकरणातील वेगळा संकेतांक आहे, आणि एफ ४८.० च्या खाली तो स्पष्टपणे वगळलेला आहे. हा भेद केवळ कागदी समजू नका. धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे सेवेत आढळला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. परंतु २०१९ च्या नरसिंह यादव प्रकरणात मानसिक विकार भरतीच्या तपासणीत कळू शकत नाहीत, या कारणाने हे गृहीतक आपोआप लागू करण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. एफ ४८.० तसाच राहिला, तर तुमच्यासमोर हा दुसरा निकाल ठेवला जाईल.

धरमवीर सिंह यांचा निकाल अपंगत्व पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या १९८२ च्या नियमांवर आहे आणि वडिलांना २००८ चे नियम लागू होतात, असा आक्षेपही येईल. २००८ च्या नियमांतही सामान्यतः दावेदाराकडून पुरावा मागू नये असेच आहे. निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला, तर मात्र जबाबदारी त्याच्यावर येते. तुम्ही त्या मुदतीच्या खूप आत आहात.

म्हणून दोन्ही मुद्दे मांडा, पण भर बळावण्यावर द्या. डेंग्यू कुठल्या डासामुळे झाला, या वादात शिरण्यापेक्षा ताप उतरल्यावर पूर्ण बरे होण्याआधी माणसाला उंचावर कष्टाच्या कामावर ठेवले, आणि श्रमाने बळावणे हे या आजाराचे मुख्य लक्षण आहे, ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली की युक्तिवाद उभा राहतो. रुग्णालयातून सुटीचा कागद आणि त्या काळातील तैनातीची नोंद यांच्या तारखा त्यासाठी पुरेशा आहेत. बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, आणि सेवाकाळातील सर्व वैद्यकीय कागद हाती नसतील, तर माहिती अधिकारात मागवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचा मसुदा करून देण्यास मदत होते.

अपिलातच रिव्ह्यू मेडिकल बोर्डाची, म्हणजे नव्याने फेरतपासणी करणाऱ्या मंडळाची, मागणी करा. वीर पाल सिंह प्रकरणात, तेही २०१३ चेच, सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचे मत डोळे झाकून स्वीकारण्याऐवजी प्रकरण रिव्ह्यू बोर्डाकडे पाठवायला लावले होते. दुसरे अपीलही फेटाळले, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि राउंडिंगचा (टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा) लाभ मिळाला, तर २० टक्क्यांचे ५० टक्के धरले जातात. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो मिळतो, हे राम अवतार प्रकरणात २०१४ मध्ये ठरले आहे. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के दर असल्याने ५० टक्क्यांना वेतनाच्या १५ टक्के रक्कम बसते.

अमेरिकेचा नियम आपल्याकडे बंधनकारक नाही. अपिलाच्या मुख्य भागात तो घालू नका. समोरच्याला चटकन फेटाळता येईल असा मुद्दा आपण होऊन देऊ नये.

दुसरे उत्तर (फिजिशियन, रत्नागिरी)

वैद्यकीय प्रमाणपत्राबद्दल थोडे लिहिते. डॉक्टरांना नुसते ‘थकवा येतो’ असे लिहू देऊ नका. २०१५ पासून वापरात असलेल्या निकषांनुसार सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली कार्यक्षमतेतील मोठी घट, श्रमानंतर लक्षणे बळावणे आणि झोपूनही ताजेतवाने न वाटणे ही तिन्ही लागतात, आणि त्यांच्या जोडीला विचारशक्तीतील मंदपणा किंवा उभे राहिल्यावर होणारा त्रास यांपैकी एक तरी असावे लागते. तुम्ही वर्णन केलेली हिशेबातील चूक यात नेमकी बसते, ती प्रमाणपत्रात यायला हवी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या सामान्य असल्याचे अहवाल जोडा. इतर कारणे वगळली आहेत हे त्यांतून दिसते. पडून असताना आणि मग भिंतीला टेकून १० मिनिटे उभे राहताना नाडी व रक्तदाब मोजण्याची साधी चाचणी कणकवलीतही करून मिळेल, आणि ती आकड्यांत नोंदता येते.

घरी रोजनिशी ठेवा. त्या दिवशी काय काम केले आणि पुढच्या दोन दिवसांत काय झाले, एवढेच लिहा. आणि कोणी ‘रोज थोडे थोडे चालणे वाढवा’ असे सांगितले, तर सावध राहा. ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या आजारात देऊ नये, असे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पी घटकाखालची जुनी कॅटेगरी आणि शेवटचा एस घटक यांतील विसंगतीवरच अपिलाचा पहिला परिच्छेद लिहीन. सुभेदार साहेब, एकच शंका राहते: ज्या तज्ज्ञांनी मूळ निदान लिहिले ते आता सेवेत नाहीत. त्यांचे नवे पत्र मिळवण्याचा प्रयत्न करावा, की सेवाकाळातील त्यांची मूळ नोंदच रिव्ह्यू बोर्डासमोर अधिक वजनदार ठरते?

निवृत्त सुभेदार

मूळ नोंद. तिच्यावर तेव्हाची तारीख आणि शिक्का आहे, आणि ती अपिलासाठी लिहून घेतली असे कोणी म्हणू शकत नाही. पत्र मिळाले तर पुरवणी म्हणून जोडा, पण त्यासाठी अपील थांबवू नका.