हॉलमध्ये सागवानी झोपाळा, सावंतवाडीचं लाखकाम आणि खणाच्या उशा: मांडणी आणि रंग कसे जमवावेत?

ओटी_पडवी:
हॉल १६.५ × ११ फूट. बाल्कनी आत घेतलेली आहे, त्यामुळे बाहेरच्या खिडकीपासून ४.५ फुटांवर बीम आडवा येतो. बीमची रुंदी ६ इंच, त्याचा तळ जमिनीपासून ८ फुटांवर. खिडकी पश्चिमेला. फरशी क्रीम रंगाची, भिंती ऑफ-व्हाइट.

वाडा पाडला तेव्हाच्या सागाच्या दोन तुळया (५ × ६ इंच, ७ फूट लांब) आणि एक नक्षीदार दार जपून ठेवलंय. तुळयांमधून झोपाळ्याचा पाट काढायचा विचार आहे. झोपाळा बीमला, समोरच्या भिंतीला बैठक, मधे दाराचं टेबल. सावंतवाडीहून रंगीत चौरंग आणि एक छोटं कपाट घ्यायचंय, उशा खणाच्या शिवायच्यात. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा बैठक फार खाली नको.

बीमला हुक मारले तर चालतील का? पाट करताना काय सांभाळायचं? आणि एवढे रंग एका खोलीत आले तर प्रदर्शनाचा स्टॉल वाटणार नाही ना?

कडीपाट:
आधी झोपाळ्याची जागा ठरवा, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

बीमचा तळ ८ फुटांवर, पाट जमिनीपासून दीड फूट, म्हणजे कडीची लांबी ६.५ फूट. घरात माणसं २० अंशांपर्यंत सहज झोका घेतात. तेवढ्यात पाट मागे-पुढे सव्वादोन फूट जातो. त्यात पाटाची निम्मी रुंदी मिळवा, की सव्वातीन फूट झाले. मागे तुमच्याकडे साडेचार आहेत, ठीक. पुढे मात्र पायही येतात, त्यामुळे ५ फूट मोकळे सोडा. बैठकीसाठी उरले ७ फूट. बैठक अडीच, मधली फट सव्वा, टेबल पावणेदोन. बसतं, पण टेबल एवढंच हवं. अख्खं दार आडवं टाकलंत तर पहिल्याच आठवड्यात कोणाची तरी नडगी फुटेल.

आता हुक. बीमच्या तळाला भोक पाडून अँकर फास्टनर (भोकात पसरून घट्ट बसणारा बोल्ट) ठोकायचा आणि त्याला हुक लावायचा, हे सर्रास करतात आणि तेच चुकीचं आहे. तिथे भार सरळ खाली ओढतो, त्यात रोजचे हेलकावे. पसरणारा फास्टनर कणाकणाने सैल होतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय बीमच्या मुख्य सळया तळाशीच असतात. ८ मिमी जाडीची 'यू' आकाराची पट्टी बीमला खालून घाला आणि दोन्ही बाजूंना तळापासून किमान ४ इंच वर, बीमच्या आरपार १२ मिमीचे बोल्ट टाका, प्रत्येक हुकाला दोन. ६ इंचांच्या बीमला दोन्हीकडून वेगवेगळे फास्टनर मारू नका, भोकं मधे एकमेकांना भिडतात. भोकाआधी सळई शोधायचं यंत्र फिरवून घ्या, आणि हॅमरऐवजी डायमंड कोअरने (पाणी सोडत गोल कापणारं मशीन) पाडा, म्हणजे पलीकडची कड उडत नाही. पट्टी आणि काँक्रीटमधे ५ मिमी रबर ठेवा, नाहीतर प्रत्येक झोक्याचा आवाज वरच्या मजल्यावर जातो.

भाराचा हिशोब: दोन माणसं १५० किलो, पाट आणि कड्या ३५. मुलं उड्या मारणार म्हणून दुप्पट धरा आणि एका बाजूच्या हुकाने एकट्याने ४०० किलो पेलले पाहिजेत असं समजून करा. लावल्यावर पाटावर सिमेंटची ८ पोती एक दिवस ठेवून बघा. बाल्कनी आत घेतलेल्या घरात हा बीम बाहेरच्या स्लॅबचाही भार घेत असतो, त्यामुळे इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. पोस्ट-टेन्शन्ड बांधकाम (काँक्रीटमधे ताणलेल्या पोलादी तारा असलेलं) असेल तर भोक पाडूच नका, सरळ स्टँडचा झोपाळा करा.

पितळी कड्या घेताना आत लोखंडी गज आहे का विचारा. नुसत्या ओतीव पितळेत पोकळ्या राहतात. कुरकुर थांबवायला खोबरेल लावतात, पण त्यावर धूळ बसून काळा चिखल होतो. मेणबत्ती घासा.

रंधा_पटाशी:
पाटाबद्दल. तुळया कापायला देण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवा. जुन्या सागात तुटलेले खिळे आतच राहिलेले असतात आणि गिरणीवाल्याचं पातं गेलं की तो तुमचं लाकूड परत घेणार नाही. भोकातून ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. आधी औषध, मग कापणं.

५ × ६ च्या तुळईतून दीड इंची फळ्या काढल्या तर रंधून रुंदी साडेपाच इंच मिळते. २२ इंचांच्या पाटाला चार लागतील. जोडताना साग तेलकट असतो हे विसरू नका. रंधा मारून दोन दिवस ठेवलेल्या कडेवर फेव्हिकॉल नीट धरत नाही. ज्या दिवशी रंधाल त्याच दिवशी चिकटवा, आधी कडा थिनरने पुसून.

खरी गडबड कडीच्या भोकाची. पाटाच्या टोकाजवळ भोक पाडून कडी अडकवली की फळी रेषेत चिरते. म्हणून दोन्ही टोकांना, टोकापासून ३ इंच आत, खालून ४० × ६ मिमीची लोखंडी पट्टी रुंदीच्या दिशेने टाका आणि कडी त्या पट्टीत अडकवा. पट्टीची भोकं गोल न पाडता लांबट पाडा, फक्त मधलं एक गोल. मुंबई-कोकणची हवा असेल तर २ फूट रुंद साग पावसाळा ते उन्हाळा ३ ते ५ मिमी फुगतो-आकसतो. सगळे स्क्रू घट्ट असतील तर लाकूड स्वतःच फाटतं आणि लोक सुताराला शिव्या देतात.

दाराचं टेबल करताना दिल्हे (चौकटीत बसवलेल्या फळ्या) खाचेत मोकळे असतील तसेच राहू द्या, गोंद ओतू नका. वर १० मिमी टफन्ड काच, खाली पारदर्शक बटणं. बैठकीच्या मापात बसवायला दार कापावंच लागणार असेल तर माझं मत, कापू नका. भिंतीला उभं टेकवून मागून क्लॅम्प करा.

पॉलिश: पाटाला चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश दिसतं छान, पण घाम आणि ओला कप यांनी पांढरे डाग पडतात. पाटाला मॅट पीयू (पॉलियुरेथेनचं बिनचकाकीचं पॉलिश) आणि दाराला फ्रेंच पॉलिश, असं करा. १ लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा, पातळ हात, प्रत्येक दोन हातांनंतर ४०० नंबरचा पेपर.

बैठकीचा सांगाडा १३ इंच, वर ४ इंच ४० डेन्सिटीचा फोम, म्हणजे बसल्यावर १६ च्या आसपास. आईंना उठायला जमेल. खोली ३० इंच ठेवा. पाठीला ९ इंचांचा लोड गेला की २१ उरतात, पाय खाली सोडून बसायला बरोबर.

काठपदर:
स्टॉल होतो तो रंगांमुळे नाही. प्रत्येक वस्तू नक्षीची असली की होतो. तुमच्याकडे सागाचा तांबूस तपकिरी, नक्षीचं दार, लाखकामाची फुलं आणि खणाची वीण, एवढं आधीच आहे. आता पडदे, सतरंजी आणि बैठकीची खोळ पूर्ण साधी हवी. त्यात वारली भिंत आणि मोराचा पैठणी कोस्टर घुसवू नका.

सावंतवाडीला चितार आळीत चौरंग, पाट, गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) आणि लाकडी फळं शेजारीशेजारी दिसतील आणि सगळंच घ्यावंसं वाटेल. चौरंग दोन घ्या, कपाट एकच, आणि दोन्हींचा मूळ रंग एकच ठेवा, तांबडा किंवा हिरवा. घेताना विचारा, वरचा मुलामा लाखेचा आहे की व्हार्निशचा. घरी आणल्यावर तळाला, न दिसणाऱ्या जागी कापसाला जरा स्पिरिट लावून टेकवा. चिकट झालं तर लाख. मग त्यावर गरम भांडं, सॅनिटायझर, ओलं फडकं काहीही नको. कोरडं मऊ कापड, बस. आणि हे कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका. दुपारच्या उन्हात लाख मऊ पडते, धूळ त्यातच रुतते.

(संखेड्याचा सोफाही डोक्यात असेल तर ते गुजरातच्या खरादी (लाकूड कातणाऱ्या) लोकांचं वेगळं घराणं आहे. त्याची सोनेरी नक्षी कथलाची असते, वरच्या लाखेमुळे सोन्यासारखी दिसते. सावंतवाडीच्या फुलांशेजारी दोघांचंही नुकसान होतं.)

खण: हातमागाच्या खणाचा पन्हा साधारण ३० इंच असतो. १६ इंची उशीला शिलाई धरून १७ इंचांचा चौकोन लागतो, म्हणजे पन्ह्यात एकच बसतो. पाच उशांना ८५ इंच, घ्या अडीच मीटर. उरलेल्या १३ इंची पट्टीतून लोडाची टोकं करा. खणाच्या विणीत उचललेले धागे असतात, ते अंगठीत, कुत्र्याच्या नखात अडकतात. म्हणून खण फक्त समोरच्या बाजूला, मागे साधं सुती, आणि आतून अस्तर हवंच, नाहीतर शिवण ओढून उसवते. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग जातो का बघा. जात असेल तर ड्रायक्लीन.

पाचही उशा वेगवेगळ्या रंगांच्या नकोत. तीन एका रंगाच्या (जांभळा किंवा आमसुली), दोन दुसऱ्या (पोपटी).

ओटी_पडवी:
टेबल रद्द, दार भिंतीला उभं. दोन शंका राहिल्या. झोपाळ्यावर घोंगडी टाकली तर? आणि एक भिंत गेरूच्या रंगाची केली तर खोली अंधारी होईल का?

काठपदर:
घोंगडी पाटावर टोचते आणि झोक्याबरोबर सरकते. तिथे जुन्या सुती साड्यांची गोधडी घाला, चारही कोपऱ्यांना बंद शिवून कड्यांना बांधा. घोंगडी बैठकीसमोर जमिनीवर छान दिसेल, खाली रबरी जाळी टाका. लोकर आहे, कसर लागते, त्यामुळे पावसाळ्याआधी आणि नंतर कडक ऊन दाखवून झटका.

कडीपाट:
गेरू चालेल, पण झोपाळ्याच्या बाजूला नाही, बैठकीच्या मागे. पश्चिमेचं ऊन समोरून पडतं तिथे तो उजळतो. गडद होतो तो दिव्यांमुळे. ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या बल्बखाली गेरू आणि मरून दोन्ही मातकट राखाडी दिसतात. २७०० ते ३०००, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे लावा. भिंतीवर नमुना ३ × ३ फूट रंगवून त्याच दिव्यात रात्री बघा, मगच डबा आणा. आणि पेंटरला हुक बसल्यानंतर बोलवा. कोअर मशीनचं पाणी सिमेंट घेऊन भिंतीवरून ओघळतं, ताज्या गेरूवर ते डाग निघत नाहीत.