'बाह्य ड्राइव्हवरून' म्हणजे नक्की कुठली प्रणाली?

कळफलक:
एका सूचनापुस्तिकेचं मराठी करतेय आणि एका प्रत्ययापाशी अडलेय. माझं वाक्य होतं: "बाह्य ड्राइव्हवरून बूट करून प्रणाली अद्ययावत करा." सांगायचं होतं ते असं, की बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हवरून संगणक सुरू करा आणि आतल्या डिस्कवर पुढची आवृत्ती घ्या.

दादाला वाचायला दिलं. त्याच्या मॅकला एक ड्राइव्ह जोडलेला असतो, त्यावर त्यानं मोहावी ही मॅकची जुनी प्रणाली जपून ठेवली होती. तिच्या पुढच्या, २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटांचे जुने प्रोग्रॅम चालेनासे झाले आणि त्याची जुनी कामं तसल्याच एका प्रोग्रॅममध्ये आहेत. त्यानं माझ्या वाक्याबरहुकूम त्या ड्राइव्हवरून मॅक सुरू केला, अपग्रेडचं बटण दाबलं आणि मोहावीच गेली. आतली प्रणाली होती तशीच. "तू 'वरून' लिहिलंस, मी वरूनच केलं," म्हणाला. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. हा 'वरून' सुरू करण्याला लागू आहे की बदलण्याला, हे एका वाक्यात स्वच्छ कसं सांगायचं?

टांकसाळ:
आधी 'बूट करून' काढा. मराठी वाचकाला बूट म्हणजे पायातला. 'प्रारंभ करून' लिहा. महापौर, दिनांक हे शब्द सावरकरांनी सुचवले तेव्हा नवेच होते, आज कुणाच्या जिभेला अडखळतात? शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही.

हातोडी:
पायातलाच आहे तो! बुटाच्या मागे कातड्याचा बंद असतो, तो ओढून बूट चढवायचा. आपलाच बंद ओढून आपणच जमिनीवरून उचललं जायचं, अशी अशक्य गोष्टीसाठी इंग्रजीत म्हण पडली. संगणकाचा पेच अगदी तोच. स्मृतीत प्रोग्रॅम आणायला प्रोग्रॅमच लागतो, आणि सुरुवातीला स्मृती रिकामी. १९५२च्या आयबीएम ७०१ला 'लोड' नावाचं बटण होतं. ते दाबलं की भोकं पाडलेल्या कार्डावरचा पहिला 'शब्द', म्हणजे ३६ बिटांचा गट, आत यायचा, आणि त्यातल्या अर्ध्या भागातली आज्ञा पुढचे शब्द वाचायला लागायची. 'प्रारंभ' म्हटलंत की ही सगळी गंमत पुसली जाते.

सांजवेळ:
मी आजवर समजत होते की 'बूट' आपल्या 'बुडा'शी कुठेतरी जोडलेला असणार, बुडापासून सुरुवात म्हणून. असो, नाही तर नाही. पण आमचे आजोबा डिझेल इंजिनाला हँडल मारायचे ते आठवलं. पहिले चार फेरे माणसाच्या हातचे, मग इंजिन स्वतःच्या बळावर फिरतं, तेव्हा हँडल चटकन काढून घ्यायचं. आजी म्हणायची, "इंजिन चेतलं का?" चूल चेतते, इंजिन चेततं, मग संगणक चेतवायला काय हरकत आहे?

टांकसाळ:
'चेतवणे' आवडलं. माझा 'प्रारंभ' मागे घेतो.

हातोडी:
आवडलं मलाही, पण पडद्यावर 'बूट' लिहिलेलं असताना पुस्तिकेत 'चेतवा' वाचून माणूस बटण शोधत बसेल.

कळफलक:
चर्चा छान चाललीय, पण माझा प्रश्न 'वरून'चा आहे.

यावत्:
त्याआधी 'अद्ययावत' बघा. अद्य यावत्, आजपर्यंत. आहे तीच आवृत्ती आजच्या तारखेपर्यंत आणणं, म्हणजे अपडेट. मोहावीची कॅटालिना होणं हे आवृत्ती बदलणं आहे. तिथे 'अद्ययावत' लिहिलं की वाचक किरकोळ दुरुस्ती समजून बिनधास्त बटण दाबतो. दादांच्या बाबतीत हाही भाग असेल.

हातोडी:
बोलण्यात आपण हा फरक कधीच केलाय. पुसून नव्यानं घातली तर 'विंडोज टाकली', जुन्यावर पुढची घेतली तर 'चढवली'. मात्र 'टाकून घेतली' आणि 'टाकून दिली' यांत सहायक क्रियापद तेवढं नीट वाचायचं.

आणि हा फरक नुसता शब्दांचा नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून संगणक बूट केला तर 'अपग्रेड' हा पर्याय चालतच नाही. आधी नेहमीची विंडोज सुरू करा, मग सेटअप चालवा, असं तो सांगतो. पेनड्राइव्हवरून फक्त टाकता येते, चढवता येत नाही. २०१२च्या विंडोज ८बरोबर आलेलं 'विंडोज टू गो' पेनड्राइव्हवरूनच चालायचं, पण तिथली प्रणाली पुढच्या आवृत्तीवर नेता यायची नाही. २०२०मध्ये ते काढूनच टाकलं. म्हणजे कळफलक, तुमचं वाक्य मॅकसाठीच खरं आहे. विंडोजवाल्याच्या हाती पडलं तर तो दारातच अडेल.

कळफलक:
पुस्तिका मॅकचीच आहे. हे मात्र वर लिहायलाच हवं, आभार.

पारध:
दोष 'वरून'चा नाही, 'करून'चा आहे. ही दोन वाक्यं बघा. "माळ्यावर चढून डबा काढ." डबा माळ्यावरचाच. "शिडीवर चढून पंखा पूस." पंखा शिडीवरचा नाही. रचना तंतोतंत एक. शिडीवर पंखा नसतो हे आपल्याला माहीत आहे म्हणून घोटाळा होत नाही. ड्राइव्ह माळाही असू शकतो आणि शिडीही. पुस्तिकेला तो शिडी म्हणून हवा होता, दादांनी माळा धरला.

सांजवेळ:
किती नेमकं!

कळफलक:
हेच मला सापडत नव्हतं. मग वाक्य तोडते: "बाह्य ड्राइव्हवरून संगणक सुरू करा. आतल्या डिस्कवरची प्रणाली पुढच्या आवृत्तीवर न्या."

हातोडी:
तेवढ्यानं भागणार नाही. अपडेटमधून गेलं तर मॅक ज्या डिस्कवरून सुरू झालाय तीच बदलतो. इन्स्टॉलर उघडून 'सगळ्या डिस्क दाखवा' म्हणायचं आणि आतली निवडायची, हे लिहा.

टांकसाळ:
आणि लिंगाचा आधार घ्या. तो ड्राइव्ह, ती डिस्क. बाहेरच्याला सगळीकडे ड्राइव्ह म्हणा, आतलीला डिस्क. मग पुढच्या पायरीत 'तिच्यावरची' म्हटलं की आतलीच, शंकेला जागा नाही.

सांजवेळ:
आमच्याकडे सगळे 'ती ड्राइव्ह' म्हणतात.

पारध:
पेनड्राइव्ह 'तो', हार्डड्राइव्ह 'ती'. निदान मी तरी असंच ऐकत आलोय.

टांकसाळ:
एकाच शब्दाला दोन लिंगं कशी चालतील?

यावत्:
'वेळ' चालते की. तो वेळ, ती वेळ.

कळफलक:
दादाला विचारलं. तो 'ते ड्राइव्ह' म्हणतो.