लाल ठिपका आणि तो एस

‘स्क्रीन जेम्स या अमेरिकी टीव्ही कंपनीच्या, कार्यक्रमाच्या शेवटी येणाऱ्या लोगोला मुलं एवढी का घाबरायची?’ असा प्रश्न आहे. माझ्या मते दोष चित्राचा नाहीच, आवाजाचा आहे! चित्र किती साधं: लाल ठिपका, त्याच्याभोवती येऊन बसणाऱ्या दोन पट्ट्या, झाला एस. पण १९६५ सालच्या या लोगोची धून संगीतकार एरिक सिडे यांनी मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर केलेली. तेव्हा घरोघरी असले सूर कुणाच्या कानावर पडले होते? त्यात ती वाजायची ‘बिविच्ड’सारख्या हसऱ्या टीव्ही मालिकेच्या शेपटाला. लोगोला ‘नरकातला एस’ हे नाव उगाच नाही पडलं. १९७४मध्ये कंपनीला कोलंबिया पिक्चर्स टेलिव्हिजन हे नाव आलं, तेव्हा हा लोगो गेला. पुनःप्रक्षेपणांत मात्र पुढेही दचकवत राहिला.