पाय बरा होत असताना सायकल बदलून चालवावी, की गुपचूप थांबावं?

मंदगती

डाव्या गुडघ्याची वाटी फुटली होती, पिना आणि तार घालून जुळवली. अकरा आठवडे झाले. हाड जुळलंय, काठी सुटली, जिना एकेक पायरी करत चढता येतो. अडलंय एकाच ठिकाणी. गुडघा ९८ अंशांपर्यंत वाकतो आणि तिथे दार लागल्यासारखा थांबतो. साध्या सायकलवर पायडलचा पूर्ण फेरा मारायला साधारण १०५ ते ११० अंश लागतात. म्हणजे पायडल वर आलं की माझं कंबरडं डावीकडून उचललं जातं आणि मी घोड्यावर बसवलेल्या पोत्यासारखा कलतो.

माझा विचार असा: डाव्या क्रँकला (पायडल जिच्या टोकाला बसतं त्या भुजेला) भोकांची पट्टी जोडायची आणि पायडल आत घ्यायचं. क्रँक १७० मिलिमीटरची आहे, ती त्या बाजूला १३० ची होईल. वरच्या टोकाला ४० मिलिमीटर मोकळे मिळतील. गुडघा सुधारेल तसं पायडल एकेक भोक बाहेर सरकवायचं.

घरच्यांचं म्हणणं, "सायकल कुठे पळून चालली आहे?" माझं म्हणणं, लोखंड वाकवणं गुडघा वाकवण्यापेक्षा सोपं आहे. डॉक्टरांनी स्थिर सायकलला हो म्हटलंय, रस्त्याबद्दल "बघू" म्हटलंय. तुमचं मत द्या, पण कारणासकट.

ठणठणीत

स्पष्ट असहमत. दोन कारणं.

एक, गुडघ्याला ११० अंश हवेत म्हणून तुम्ही व्यायाम करता. सायकलच ९८ मध्ये भागवायला लागली तर उरलेल्या बारा अंशांसाठी कोण रडणार? मी खांद्याच्या दुखण्यात हेच केलं. सगळ्या वस्तू खालच्या फळीवर आणून ठेवल्या आणि हात वर जायचाच राहिला.

दोन, क्रँक आखूड म्हणजे तरफ आखूड. १७० च्या जागी १३० केल्यावर त्याच गिअरला तेवढाच पीळ द्यायला पायाला सुमारे ३० टक्के जास्त जोर लावावा लागेल. नुकत्या जुळलेल्या वाटीला तुम्ही आराम देताय की ओझं?

तेलपाणी

तीस टक्क्यांचा हिशेब बरोबर आहे, पण गिअर कशासाठी असतात? मागची मोठी दातेरी चकती टाका, पाय भरभर फिरवा, जोर कमी होतो. विषय संपला.

आता पट्टीबद्दल, कारण हे काम मी केलेलं आहे. क्रँकला स्वतः भोक पाडू नका. अ‍ॅल्युमिनियमची क्रँक भोकापासून तडकते, आणि तडकते ती पायडलवर भार असतानाच. बाहेरून आवळायची पट्टी घ्या. तिच्यामुळे पायडल साधारण दोन सेंटीमीटर बाहेर जातं, पाय फाकल्यासारखा वाटतो, आठवडाभरात सवय होते. तुमची बाजू डावी आहे, म्हणजे आटे उलटे. उजव्या बाजूची पट्टी आणलीत तर पायडल बसणारच नाही, जबरदस्तीने बसवलंत तर आटे गेले. पायडल काढताना पाना वरच्या दिशेला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंचं पायडल असंच सुटतं, डावं-उजवं लक्षात ठेवायची गरज नाही.

एका बाजूचीच क्रँक आखूड केली तर एक अडचण राहते. सीटची उंची चांगल्या पायाला धरून ठेवावी लागते. मग डावं पायडल खाली आल्यावरही ४० मिलिमीटर वरच राहतं आणि तो पाय कधी पूर्ण लांब होत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही क्रँका आखूड करा आणि सीट ४० ने वर घ्या. वरच्या टोकाला ४० नाही, ८० मिलिमीटर मिळतील.

पोटरी

मी फिजिओ आहे, पण हा धागा म्हणजे तपासणी नाही, एवढं आधी सांगते.

ठणठणीत यांची खांद्याची उपमा इथे लागू पडत नाही. फळी खाली आणली की हात वर न्यायची वेळच येत नाही. सायकलवर गुडघा प्रत्येक फेऱ्यात आपल्या मर्यादेपाशी जाऊन येतो, मिनिटाला पन्नास-साठ वेळा, आणि जोर न लावता. ताठ सांधा सैल व्हायला नेमकं हेच हवं असतं. पेशंट ९५ अंशांवर असतो तेव्हा आम्ही पूर्ण फेरा मारायलाच सांगत नाही. पायडल पुढे न्या, अडलं की मागे आणा. लहानपणी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलेल्यांना वेगळं शिकवावं लागत नाही! (मागे पायडल मारून ब्रेक लागणाऱ्या सायकलवर हे जमत नाही.)

भाराचंही सांगते. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो. बसून, हलक्या गिअरवर सायकल मारताना तो वजनाच्या आसपास असतो. म्हणजे चालायला परवानगी आणि सायकलला बंदी, हे भाराच्या नावाखाली सांगू नये. वाटी फुटलेल्यांसाठी मात्र दोन पथ्यं: सीट खाली नको, कारण वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मागे दाबली जाते. आणि चढावर उभं राहून पायडल मारणं बंद.

ठणठणीत

ठीक, खांदा मागे घेतो. पण तुम्ही जे सांगताय ते सगळं खोलीतल्या सायकलला लागू आहे. धागा रस्त्याचा आहे.

खडीचा_रस्ता

सगळे पायडलवर भांडताय आणि कोणी थांबण्याबद्दल बोलत नाहीये.

माझा उजवा घोटा मोडला होता. पायडल चवड्याखालून काढून टाचेजवळ आणलं, त्यामुळे घोट्याला काम उरलं नाही आणि तिसऱ्या महिन्यात मी झकास सायकल चालवत होतो. चालवताना एकदाही दुखलं नाही. मग एका वळणावर समोर माणूस आला, ब्रेक दाबला आणि सायकल कलली उजवीकडे. उतरायचा तो डावाच पाय, असं मी पक्कं घोकलेलं होतं. पण सायकल घोकंपट्टी विचारात घेत नाही. ज्या बाजूला तोल जातो तोच पाय खाली जातो. माझं सगळं वजन अधिक सायकल त्या घोट्यावर आलं. प्लेट वाचली, पण पुढचे सहा आठवडे परत कुबड्या.

आणि आता तेलपाणी म्हणतात सीट ४० मिलिमीटर वर घ्या. जमीन तेवढीच लांब गेली की! गुडघ्याला जे बरं, तेच उतरायला वाईट. हा पेच कुठल्याही पट्टीने सुटत नाही.

तेलपाणी

मुद्दा मान्य, पण सुटत नाही असं नाही. बटण दाबून खालीवर होणारा सीटचा दांडा मिळतो. थांबायच्या आधी दाबायचं, सीट खाली, दोन्ही पाय जमिनीवर. शिवाय मधली दांडी नसलेली फ्रेम घ्या, पाय मागून फिरवायला नको.

खडीचा_रस्ता

समोर माणूस आल्यावर आधी ब्रेक दाबू की बटण?

तीनचाकी

मग दोन चाकांचा हट्ट का? पुढे दोन, मागे एक अशी रेलून बसायची सायकल घ्या. पडायचा प्रश्नच नाही, थांबलात तरी पाय पायडलवरच. पायडलचा दांडा पुढेमागे सरकतो, त्यामुळे गुडघा हवा तेवढाच वाकवता येतो. मी कमरेच्या ऑपरेशननंतर तीच चालवली.

पोटरी

कमरेला ठीक. पण त्यातल्या बऱ्याच सायकलींची सीट जमिनीपासून फूटभर उंचीवर असते. ९८ अंश वाकणाऱ्या गुडघ्याने तिथून उठून दाखवा. उठताना सगळा जोर मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो आणि तो खेचतो वाटीलाच. उंच सीटची, मागे दोन चाकं असलेली तिचाकी चालेल, पण ती वळणावर जपून.

शंकासुर

बॅटरीची सायकल घेतली तर? पायाला जोरच नको. (अवांतर: मला काहीही झालेलं नाही, नुसता वाचतोय.)

तेलपाणी

दोन प्रकार असतात. एकात पायडल फिरतंय एवढंच कळतं आणि मोटर ढकलायला लागते. पाय थांबल्यावरही ती क्षणभर ढकलतेच. दुसऱ्यात पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत मिळते. एक पाय दुबळा असेल तर चांगल्या पायाला जास्त, वाईट पायाला कमी, म्हणजे सायकल उचक्या देत चालते. शिवाय अशी सायकल बहुधा वीस किलोच्या पुढे जाते. कललेली वीस किलो मोडक्या पायाने सावरणार?

एकपायी_भटक्या

इतका वेळ गप्प होतो. माझा उजवा पाय मांडीपासून नाही. सतरा वर्षं दोन चाकांवर आहे. उजवी क्रँक काढून टाकलेली, डाव्या पायाला पट्टा, म्हणजे खाली दाबता येतं आणि वर खेचताही येतं. पॅरालिम्पिकमध्ये दोनचाकी सायकलवाल्यांचे सी-१ ते सी-५ असे गट असतात, त्यात एका पायाने शर्यत मारणारे लोक आहेत. तेव्हा "सायकल बदलायची नसते" हे मला सांगू नका.

पण मंदगती, तुमच्यापेक्षा माझं सोपं आहे, हेही ऐका. मला माहीत आहे की उजवीकडे पाय नाही. माझं शरीर तिकडे टेकायला जातच नाही, सगळं कलणं डावीकडेच घ्यायला ते शिकलंय. तुमच्या शरीराला वाटतंय की डावीकडे पाय आहे. आहेही, पण धरेल की नाही ते त्यालाच ठाऊक नाही. खडीचा_रस्ता यांचा घात तिथेच झाला.

एक युक्ती देतो. आवडली तर घ्या. चांगला पाय मोकळा ठेवून दुखऱ्या पायाचं पायडल काढा, त्या बाजूला फ्रेमवर पाय ठेवायला नुसती पायरी लावा आणि एकाच पायाने चालवून बघा. दहा मिनिटांत कळेल की सायकल चालवायला दुसरा पाय फारसा लागत नाही. थांबायला लागतो.

ठणठणीत

म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. थांबा.

एकपायी_भटक्या

नाही आलो. तुम्ही म्हणत होतात की सायकल बदलली तर गुडघा आळशी होईल. ते चूक होतं. आता निष्कर्ष जुळला म्हणून जुनं कारण बरोबर ठरत नाही.

मंदगती

सगळ्यांचे आभार, ठणठणीत यांचेही. काल एक प्रयोग केला. सायकल जिन्याच्या कठड्याला समांतर उभी केली, उजवा हात कठड्यावर. सीटवर बसायचं, ब्रेक दाबायचे, मुद्दाम डावीकडे कलायचं आणि डावा पाय टेकायचा. वीस वेळा करायचं ठरवलं होतं. सहा वेळा छान झालं. सातव्या वेळी गुडघा आतल्या आत दुमडला आणि मी कठड्याला लोंबकळलो. दुखलं काहीच नाही. नुसता तो नव्हताच तिथे.

तेव्हा रस्ता नाही. पण पट्टी आणलीच. मागचं चाक घरातल्या स्टँडवर चढवलंय, सीट वर घेतली आहे कारण इथे उतरायची घाई नाही, आणि डावं पायडल १३० वर आहे. आज सकाळी पहिला पूर्ण फेरा झाला. कंबर हलली नाही. जिन्याची परीक्षा दर रविवारी. वीसच्या वीस झाले की मग डॉक्टरांकडे जाऊन त्यांचं "बघू" उकरून काढेन.

ठणठणीत

दर रविवारी आकडा इथे टाका. तेरा झाले की फुशारून बाहेर पडाल, ओळखतो मी.

तेलपाणी

आणि पायडल काढताना पाना कुठे ओढलात?

मंदगती

पहिल्यांदा पुढे. अर्धा तास. त्याबद्दल बोलायचं नाही.