घराण्यासाठी लग्न: मूळ धर्मात की वतनात?

कृष्णाकाठ
परवा भाचीच्या लग्नात कन्यादानाला गुरुजींच्या शेजारीच बसलो होतो. संकल्प आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकला आणि नंतर अर्थ विचारून घेतला. या वरापासून या कन्येला होणाऱ्या संततीने माझ्या मागच्या बारा आणि पुढच्या बारा पिढ्या पवित्र व्हाव्यात, म्हणून हे दान, असं वधूपिता म्हणतो. समोर सव्वीस वर्षांची, स्वतः कमावणारी पोर ओंजळ धरून बसलेली. मला गलबलून आलं.

घराण्याच्या नावासाठी लग्न करणं ही नुसती लोकरीत नाही, ती धर्मातच रुजलेली आहे, असं माझं म्हणणं आहे. आदिपर्वातला जरत्कारू आठवा. ब्रह्मचर्य पाळत हिंडणाऱ्या या तपस्व्याला एका खड्ड्यात आपलेच पितर उलटे लटकलेले दिसतात. त्यांनी वाळ्याची जुडी धरलेली आणि तिची मुळं उंदीर कुरतडतोय. तो उंदीर म्हणजे काळ, आणि उरलेलं मूळ म्हणजे जरत्कारू. त्यांच्यासाठी तो लग्न करतो. पण बायकोला पोसणार नाही, अशी त्याची अट. आणि पोटात आस्तीक असताना तो तिला सोडून जातो. पितर सुटले. त्या बाईचं काय?

जुना_वाडा
दादा, जरत्कारू किती घरांत ठाऊक असतो? वतनाचा कागद मात्र आमच्या आजोबांच्या पेटीत होता आणि सोयरीक त्याच्याकडे बघूनच जुळायची. शिवाजी महाराजांच्या घरातलीच लग्नं बघा. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. शंभूराजांना शिर्क्यांची येसूबाई केली आणि राजकुंवरबाई शिर्क्यांच्याच गणोजींना दिल्या, म्हणजे सरळ साटंलोटं. बजाजी निंबाळकरांना परत धर्मात घेतल्यावर त्यांच्या महादजीला महाराजांनी आपली सखूबाई दिली, असं सांगितलं जातं. त्यानंतर पंक्तीत कोण आडवं येणार? एका सोयरिकीने गेलेली इभ्रत परत येते, हे राजकारण आहे.

आणि वारस नसला तर काय होतं तेही आपण पाहिलंय. १८४८ साली कंपनीने साताऱ्याचा दत्तक नाकारला आणि गादीच गेली. पुढे झाशीचं तेच. ज्या समाजाने हे सोसलं तो मुलगा हवा म्हणणारच. मंत्र नंतर जोडले जातात.

कृष्णाकाठ
मंत्र नंतर जोडले, हे पटत नाही. हाच वाद १९३३ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या कोर्टापुढे आला होता, अमरेंद्र मानसिंग विरुद्ध सनातन सिंग या खटल्यात. दत्तकाचा पाया पितरांविषयीचं धार्मिक कर्तव्य आहे, मालमत्तेची वाटणी दुय्यम, असंच तिथे ठरलं. शिवाय ज्यांच्याकडे वीतभर जमीन नव्हती त्यांनाही 'पाणी पाजायला' मुलगा हवाच होता की! त्यांच्याकडे कुठलं वतन?

मैत्रेयी_क
काका, संकल्प ऐकलात तशी सप्तपदीही ऐकायची होती. पाचवं पाऊल प्रजेसाठी, म्हणजे संततीसाठी आहे, खरंच आहे. पण तिथे थांबत नाहीत. सातव्या पावलाला वर म्हणतो, 'सखा सप्तपदी भव'. संततीच्या पुढे दोन पावलं टाकल्यावर सख्य येतं. धर्मात दोन्ही आहे. आपल्या लोकांनी पाचव्या पावलावरच मुक्काम केला.

घाटमाथा
सगळेच घराण्यावर तुटून पडलात म्हणून लिहितो. माझी बहीण एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली, दोन लहान मुलं पदरी. दिरांनी तिला घराबाहेर काढलं नाही, कारण ती 'आपल्या घरची' होती. तो शब्द त्यांनी वीस वर्षं पाळला. दोन माणसांची मर्जी बदलते. घराण्याने दिलेला शब्द टिकतो. त्यात प्रेम नसतं, असं कुणी समजू नये.

सत्यशोधक_घर
घाटमाथा, तुमच्या बहिणीच्या दिरांना मनापासून नमस्कार. पण तिला पुन्हा लग्न करायचं असतं तर हाच शब्द टिकला असता का? धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तर मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. घराण्याचा मान बहुतेक वेळा बाईच्याच अंगावर ठेवलेला असतो, म्हणून तिने हललेलं चालत नाही. जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोटच्या पोरीला मारणारे बापही मान हाच शब्द वापरतात. ते वाचलं की जेवण जात नाही.

आमच्या पणजोबांचं लग्न सत्यशोधक पद्धतीने लागलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये ही लग्नं सुरू केली. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते आणि वराकडे स्त्रियांचे हक्क मागते. वर तसं वचन देतो. दीडशे वर्षांपूर्वी हे सुचलेलं असताना आपण अजून बारा पिढ्या मोजतोय.

जुना_वाडा
जोतीराव मान्यच. तरी माझा मुद्दा तसाच राहतो. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत जन्मसिद्ध हक्क १९९४ ला मिळाला, देशभर २००५ ला. गेल्या दहा वर्षांत आमच्या भावकीतल्या दोन मुलींनी जातीबाहेर लग्नं केली आणि दोघींनाही वाटणी मिळाली. मंत्र होते तेच आहेत. सातबारा बदलला.

मैत्रेयी_क
आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. बाबा गेल्यावर नातेवाइकांनी 'वंश बुडाला' म्हणून आईचा जीव नकोसा केला. तेव्हा आमच्या म्हाताऱ्या गुरुजींनीच आईला सांगितलं, 'अहो, आजेपाडवा कशाला आहे मग?' घटस्थापनेच्या दिवशी मुलीच्या मुलाने आईच्या वडिलांचं श्राद्ध करायचं, हे शास्त्रातच आहे. काका, तुमच्या धर्मात आणि दादा, तुमच्या सातबाऱ्यातही या दिवसाला कुणी फारसं विचारत नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याने आजोबांना तिलांजली दिली आणि गुरुजींनी विचारल्यावर आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी तिन्ही नावं न अडखळता सांगितली. ती त्याला मी शिकवली होती.